जॅझ ऐकायचं तर आधी साथीदाराला धरा

जॅझ ऐकायला बसाल तेव्हा पहिल्यांदा ट्रम्पेटच्या मागे जाऊ नका. सॅक्सोफोनच्याही नको. ते दोघं पुढे असतात, कान आपोआप तिकडे ओढला जातो, आणि दोन मिनिटांत "हे मनाला येईल तसं वाजवतायत" असं वाटून माणूस बंद करून टाकतो. त्यांच्या मागे एक जण स्वतःपेक्षा उंच लाकडी वाद्य उभं धरून बोटांनी तारा ओढत असतो. तो डबल बेस. आधी त्याला धरा. तो सापडला की पुढचा कुठे चाललाय ते कळायला लागतं.

मी मिरजेत तबला शिकवते आणि साथ करते: भजनाला, नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना, अधूनमधून ख्यालाला. साथ करणाऱ्याचा कान वेगळा घडतो. गाणारा काय गातोय याच्याइतकंच तो समेवर कसा येतोय, कुठे दम घेतोय, त्याला आत्ता आपल्याकडून काय हवंय, हे आम्ही ऐकत असतो. जॅझ, सोल (अमेरिकेतल्या चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत) आणि गिटार मी याच कानाने ऐकत आले. शिकायला येणारी कॉलेजची मुलं विचारतात, "ताई, जॅझ ऐकायचंय, पण कुठून सुरू करू कळत नाही." त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

कानाची सोय

फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. डबल बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला साधारण 41 कंपनांचा असतो. फोनमधला नखाएवढा स्पीकर तिथवर उतरतच नाही. म्हणजे ज्याला धरायला सांगतेय तोच गायब. साधे वायरवाले इअरफोन पुरतात, फक्त कानात घट्ट बसायला हवेत. जराशी फट राहिली तरी सगळ्यात आधी खर्ज जातो. 'बेस बूस्ट' नावाची सोय असेल तर ती बंद ठेवा; तिने खर्ज फुगतो, सूर एकमेकांत मिसळतात आणि नुसती घुमघूम उरते.

जॅझ ऐकताना दुसरं काम नको. सोल भाजी निवडताना चालतं, चांगलंच चालतं. जॅझला निदान पहिले काही आठवडे बसून वेळ द्यावा लागतो.

आणि 'रिलॅक्सिंग जॅझ', 'अभ्यासासाठी जॅझ' असल्या तयार याद्या लावू नका. माझा त्यांच्यावर राग आहे तो एका कारणासाठी: बेस कुणी वाजवला, ड्रम्सवर कोण बसलं होतं, हे तिथे कुठेच दिसत नाही. नाव नसलं की धागा नाही, आणि धागा नसला की पुढे कुठे जायचं हे तुम्ही ठरवत नाही, यंत्र ठरवतं. पूर्ण अल्बम लावा. एक वही करा आणि प्रत्येक अल्बमला कोण काय वाजवतंय ते आधी लिहून काढा. अल्बमचं नाव घालून शोधलं की ही माहिती मिळते.

पहिली नऊ मिनिटं

सुरुवात 'सो व्हॉट'पासून करा. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या 1959 च्या अल्बममधली ही पहिली रचना, नऊ मिनिटांहून थोडी जास्त. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीने एका जुन्या चर्चमध्ये स्टुडिओ केला होता, तिथे 2 मार्चला ती मुद्रित झाली. माइल्सने वादकांच्या हातात पूर्ण लिहिलेलं काही दिलं नव्हतं, नुसते आराखडे दिले होते. ट्रम्पेट माइल्सचा, टेनर सॅक्सोफोन जॉन कोलट्रेनचा, आल्टो सॅक्सोफोन कॅननबॉल ॲडर्लीचा, पियानो बिल इव्हान्सचा. डबल बेस पॉल चेंबर्स. ड्रम्स जिमी कॉब. शेवटची दोन नावं वहीत ठळक लिहा, पुढे लागणार आहेत.

सुरुवातीला अर्धा मिनिट पियानो आणि बेस लय न धरता काहीतरी बोलतात. आलाप म्हणा. मग बेस एक छोटा मुखडा वाजवतो आणि त्याला दोन सूरगुच्छांचं उत्तर येतं, एक जरा लांब, दुसरा तुटक. आधी हे उत्तर एकटा पियानो देतो. मग त्यात ट्रम्पेट आणि दोन्ही सॅक्सोफोन मिसळतात. बघा, इथे मुखडाच मुळी साथीदाराकडे आहे. पुढची मंडळी त्याला हुंकार देतायत. म्हणून तर मी हीच रचना आधी ऐकायला लावते.

आता मोजायला घ्या. तालाची सवय असलेल्या आपल्या माणसांची इथे मोठी सोय आहे. पाश्चात्त्य संगीतातल्या अशा एका बारमध्ये चार मात्रा. आठ बार म्हणजे 32 मात्रा, म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. 'सो व्हॉट'चा पूर्ण फेरा 32 बारांचा आहे, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं. पहिली चार आवर्तनं एका षड्जावर, पुढची दोन अर्ध्या सुराने वर सरकलेल्या षड्जावर, शेवटची दोन पुन्हा मूळ जागी. स्वर काफी थाटाचे, गंधार आणि निषाद कोमल. पाचव्या आवर्तनाच्या समेला आख्खा काफी उचलून कोमल रिषभावर नेऊन ठेवायचा, सातव्याला खाली आणायचा. बस्स, एवढीच या रचनेची चौकट.

मुखडा वाजवून झाला की हा फेरा थांबत नाही. तबल्याच्या सोलोखाली लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवत फिरत राहणारी छोटी धून, चालतो ना, तसा तो सगळ्या सोलोंखाली चालू राहतो. फरक असा की इथे लेहरा पूर्णपणे कुणी एक जण वाजवत नाही. सहाही जणांनी तो डोक्यात धरलेला असतो, आणि बेस त्याच्या खुणा देत राहतो. एक फेरा मिनिटाच्या आतच संपतो. माइल्स दोन फेरे वाजवतो, कोलट्रेन दोन, कॅननबॉल दोन, इव्हान्स एक, मग मुखडा परत येतो. हे माहीत असलं की "कधी संपणार" हा प्रश्नच उरत नाही. समजा मध्येच हरवलात, तर मोजणं सोडून द्या आणि वाट बघा. षड्ज वर सरकला की ते पाचवं आवर्तन. तिथून परत मोजायला घ्या.

पहिल्यांदा ऐकताना फक्त बेस ऐका. दीड मिनिटाच्या आसपास एक जागा आहे, ती मागे नेऊन पुन्हा ऐका. मुखडा संपतो, माइल्सचा सोलो सुरू होतो, आणि जिमी कॉब मोठ्या सिम्बलवर, म्हणजे झांजेवर, एक दणका देतो. तो झणत्कार विरायला केवढा वेळ घेतो बघा. तो विरत असताना खाली पॉल चेंबर्सने मुखडा सोडून दर मात्रेला एक सूर अशी चाल धरलेली असते. यालाच वॉकिंग बेस म्हणतात. दर मात्रेला एक सूर, सगळे सोलो संपेपर्यंत, आणि तरी एकही आवर्तन आधीच्यासारखं नाही. ठेका भरून वाजवणं म्हणजे काय ते मुलांना समजावताना मी हेच ऐकवते.

दुसऱ्यांदा जिमी कॉबचा उजवा हात ऐका. सिम्बलवर काठीने सतत चाललेलं असतं: डिंग, डिंग-ड-डिंग, डिंग-ड-डिंग. मात्रेचे दोन भाग केलेत, पण समान नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड; ढोबळमानाने मात्रेचे तीन तुकडे केले तर दोन तुकडे पहिल्याला, एक दुसऱ्याला. लय वाढली की दोन्ही भाग हळूहळू बरोबरीला येतात. हाच तो स्विंग. कागदावर तो उतरत नाही. केरव्यातल्या लग्गीचं वजनही कुठे उतरतं? ते हाताहातातून शिकायचं असतं, तसं हे कानाने.

टाळी कुठे द्यायची हेही सांगून ठेवते, कारण आपला हात इथे हमखास अडतो. आपल्याला पहिल्या मात्रेवर टाळीची सवय. जॅझमध्ये, आणि सोलमध्ये तर त्याहून जास्त, वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतं. ड्रमर डाव्या पायाने हाय-हॅट नावाची झांजांची जोडी मिटतो तीही बहुधा याच मात्रांवर. सम मनात ठेवा, हात दोन आणि चारवर द्या. सुरुवातीला हात सारखा एकवर पळतो. पळू दे, परत आणा.

तिसऱ्या खेपेला आता ट्रम्पेट ऐका. माइल्स थोडे सूर वाजवतो आणि थांबतो. त्या थांबण्यात पॉल चेंबर्स काय करतो हे आता तुम्हाला ऐकू येईल, कारण तो तुमच्या ओळखीचा झालेला आहे. कोलट्रेन मग सुरांचे लोंढे आणतो, कॅननबॉल हसऱ्या चेहऱ्याने आल्यासारखा येतो. कुणाच्या मागे जिमी कॉब काय बदलतो ते टिपा. मला विचाराल तर या नऊ मिनिटांतला सगळ्यात थोर भाग इव्हान्सच्या सोलोचा आहे. तिथे तिन्ही सुषिर वाद्यं त्याच्या मागे 'सो व्हॉट'चे ते दोन गुच्छ हळूच वाजवत असतात. पुढे उभे असणारे स्वतः साथीला आले आहेत!

ही एकच रचना आठवडाभर ऐका. आमच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, परत कानस, परत तीच तार, अर्धा दिवस. ऐकणंही तेवढ्याच सबुरीने करायचं.

पुढचा अल्बम कसा निवडायचा

बहुतेक जण माइल्सचा दुसरा अल्बम शोधतात. त्यात वाईट काही नाही. माझी पद्धत वेगळी आहे: साथीदाराच्या नावामागे जायचं.

याच अल्बममधली दुसरी रचना 'फ्रेडी फ्रीलोडर'. तिच्यात पियानोवर इव्हान्स नाही, विंटन केली आहे. ही रचना बारा बारांच्या ब्लूजची (काळ्या अमेरिकनांच्या जुन्या लोकगाण्याच्या चौकटीची) आहे, म्हणजे 48 मात्रा, तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तनं. ब्लूजचं हे माप एकदा अंगात भिनवून घ्या. जॅझ, सोल, रॉक, कुठेही जा, ते भेटत राहतं. आता वहीत तीन नावं झाली: केली, चेंबर्स, कॉब. हे तिघं पुढे एकत्र वाजवत राहिले, आणि 1965 साली न्यूयॉर्कच्या हाफ नोट नावाच्या क्लबमध्ये त्यांच्या पुढ्यात एक गिटारवाला बसला. अल्बमचं नाव 'स्मोकिन ॲट द हाफ नोट', गिटारवाला वेस मॉन्टगोमेरी. साथ तुमच्या ओळखीची, समोरचा नवा. अनोळखी वादक ऐकायला यापेक्षा चांगली वाट मला माहीत नाही.

अंगठ्याची गिटार

वेस इंडियानापोलिसचा, जन्म 1923 चा. दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री क्लबमध्ये वादन. नोटेशन वाचता येत नव्हतं. आधीचा गिटारवादक चार्ली ख्रिश्चन याच्या रेकॉर्डी ऐकून त्याचे सोलो तोंडपाठ केलेले. घरी सराव करताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास नको म्हणून नखी टाकून तो अंगठ्याने छेडायला लागला असं सांगतात. नखी म्हणजे गिटारवाल्यांचं पिक. पुढे तोच त्याचा आवाज झाला.

हा अंगठा ऐकायला शिका. पिकने छेडलेल्या सुराला सुरुवातीला एक टक् अशी कडा असते. अंगठ्याच्या मांसल भागाने छेडला की ती कडा जाते आणि सूर गोल होऊन येतो. तबल्यावर चाटेवर, म्हणजे कडेवर, बोट मारून काढलेला 'ना' आणि लवेवरचा, म्हणजे कडेच्या आतल्या भागातला, 'तिं' यांच्यात जो फरक तोच. एकदा हे कानात बसलं की शंभर गिटारांतून वेस ओळखता येतो.

त्याचे सोलो पुष्कळदा तीन टप्प्यांत चढतात. आधी एकेका सुराची ओळ. मग तीच भाषा दुहेरी सुरांत: एक सूर आणि त्याचाच वरच्या सप्तकातला जोडीदार, दोन वेगळ्या तारांवर एकाच वेळी, मधली तार डाव्या बोटाने मुकी केलेली. आणि शेवटी पूर्ण कॉर्ड, चार-चार सूर एकत्र हलतायत. टप्पा बदलतो त्या क्षणी गिटारकडे लक्ष देऊ नका, ड्रम्सकडे द्या. वेस दुहेरी सुरांवर आला की जिमी कॉबच्या हाताखालीही काहीतरी पालटतं. गायक तारसप्तकात गेल्यावर तबलजी काय करतो ते आठवा.

त्याची 'फोर ऑन सिक्स' नावाची रचना दोन ठिकाणी मिळेल. 1960 च्या 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार' अल्बममध्ये पियानो टॉमी फ्लॅनगन, बेस पर्सी हीथ, ड्रम्स त्याचा भाऊ ॲल्बर्ट हीथ. आणि 1965 च्या हाफ नोट अल्बममध्ये आपले तिघं. बंदिश एक, गिटारवाला एक, साथ वेगळी. लागोपाठ ऐका. साथीने गाणं किती बदलतं याबद्दल मी तासभर बोलले तरी या दोन ध्वनिमुद्रणांइतकं सांगू शकणार नाही. वेस 1968 मध्ये 45 व्या वर्षी हृदयविकाराने गेला.

चार्ली ख्रिश्चनचं नाव आलंच आहे. बेनी गुडमनच्या ताफ्यात तो 1939 मध्ये आला आणि 1942 मध्ये 25 व्या वर्षी क्षयाने गेला. एवढ्या थोड्या काळात त्याने विजेवरच्या गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे आणून बसवलं. त्याआधी मोठ्या वाद्यवृंदात गिटारचं काम लय धरण्यापुरतं, कारण एवढ्या पितळी वाद्यांपुढे ती ऐकूच यायची नाही.

पण लय धरण्यापुरतं म्हणताना फ्रेडी ग्रीनला विसरू नका. माझा हा सगळ्यात आवडता माणूस. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात तो 1937 मध्ये आला आणि 1987 मध्ये मरेपर्यंत तिथेच वाजवत होता. मध्ये एक छोटा खंड, तेवढाच. विजेची जोड नाही, सोलो जवळजवळ नाहीत, फक्त बारच्या चार मात्रांवर चार आघात. पन्नास वर्षं. 'द ॲटॉमिक मिस्टर बेसी' या अल्बममधलं 'लिल डार्लिन' लावा. लय इतकी ठाय आहे की धरवत नाही, विलंबित एकतालात नवख्याचे हात कसे सटपटतात तसं होतं. त्या लयीत सगळ्यांना कोण बांधून ठेवतंय ते शोधा. गिटार आहे का नाही असा प्रश्न पडेल, मग पितळी वाद्यांच्या मागे हलकीशी 'छक् छक्' सापडेल. सापडली की पुन्हा हरवत नाही.

जँगो राइनहार्टही ऐका, पॅरिसचा गिटारवाला. 1928 मध्ये राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, उरलेल्या दोन बोटांवर त्याचे सोलो आहेत. त्याच्या पंचकात ड्रम्स नाहीत. सोबतच्या दोन गिटारच ठेका धरतात. आणि रात्री उशिरा ऐकण्यासाठी केनी बरेलचा 1963 चा 'मिडनाइट ब्लू'. त्यात पियानो नाही, त्याऐवजी रे बरेटोच्या काँगा आहेत. तबल्याच्या माणसाला त्या हातांनी वाजणाऱ्या चामड्याची ओळख चटकन पटते.

मुलं विचारतात, यात आपलं काय? पुष्कळ आहे. गोव्यात पोर्तुगीज काळी चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन वाचायला शिकवत. तिथून शिकून मुंबईत आलेल्या वादकांनी हॉटेलांमध्ये जॅझ वाजवलं आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत काम केलं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला लोक चिक चॉकलेट म्हणत, त्याचा ट्रम्पेट आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत आहे. 1951 च्या 'अलबेला'त तो ताफ्यासकट पडद्यावरही दिसतो. 'शोला जो भडके' लावा आणि या खेपेला लताबाईंना बाजूला ठेवून मागचा ताफा ऐका.

आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनचा 'शक्ती' हा संच. पहिला अल्बम 1975 च्या जुलैमध्ये श्रोत्यांसमोर मुद्रित झालेला. व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकिरभाई, घटमवर विनायकराम, मृदंगमवर राघवन. मॅक्लॉफलिनने खास बनवून घेतलेल्या गिटारला तरफांसारख्या आडव्या तारा होत्या, आणि पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं होतं, म्हणजे तार दाबून मींड काढता यावी. या संचात बेस नाही. खर्ज सगळा डग्ग्याकडे आणि मृदंगमच्या डाव्या तोंडाकडे आहे, तेव्हा कान तिथे ठेवा.

सोल

सोलला मोजामाप फारसं लागत नाही. ते चर्चमधून आलेलं संगीत आहे, अंगाला आधी कळतं. एक जण आळवतो, बाकीचे उत्तर देतात. भजनाला टाळकऱ्यांत उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शब्द आधी वाचू नका. दोनदा ऐकून मग वाचा.

इथेही साथीदारापासूनच सुरू करा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा स्टुडिओ एका घरात होता, आणि तिथे रोज वाजवणारे वादक बरेचसे शहरातल्या जॅझ क्लबांतले. त्यांना फंक ब्रदर्स म्हणत. बेसवर जेम्स जेमर्सन. तो डबल बेसवरून बेस गिटारवर आलेला, उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवायचा आणि तारा बदलायला नाखूष असायचा. जुन्या तारांचा तो बुजलेला, मऊ आवाज त्याला हवा होता. फोर टॉप्सचं 1967 चं 'बर्नाडेट' लावा आणि गायकाला पूर्ण सोडून फक्त खाली काय चाललंय ते ऐका. खाली दुसरं गाणंच चाललेलं आहे. शेवटाकडे एका जागी सगळं थांबतं, गाणं संपलं असं वाटतं, आणि गायक पुन्हा नाव पुकारतो. तिथे तिहाईनंतरच्या समेसारखा काटा येतो अंगावर. सगळा देश ज्या बेसवर नाचत होता तो वाजवणाऱ्याचं नाव वर्षानुवर्षं रेकॉर्डवर छापलं जात नव्हतं. मार्विन गेच्या 1971 च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर वादकांची नावं आली. एवढा उशीर झाला हे वाचून मला आजही राग येतो.

दुसरं घराणं मेम्फिसचं, स्टॅक्स कंपनीचं. एका जुन्या सिनेमागृहात स्टुडिओ, प्रेक्षागृहाची जमीन उतरती होती तशीच ठेवलेली. ड्रम्सवर अल जॅक्सन, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर. ज्या काळात त्या शहरात काळे-गोरे एका टेबलावर जेवत नव्हते, त्या काळात हे दोघं ज्यात होते त्या चौघांच्या ताफ्यात दोघे काळे, दोघे गोरे. क्रॉपरची गिटार ऐकताना किती कमी वाजवतोय ते मोजा. ओटिस रेडिंगच्या 'डॉक ऑफ द बे'मध्ये तो ओळ संपू देतो आणि मग दोन-चार सूर ठेवतो, गायकाच्या शब्दावर पाय देत नाही. ते गाणं पूर्ण झालं 1967 च्या डिसेंबरात, आणि 10 तारखेला ओटिस विमान अपघातात गेला. तो 26 वर्षांचा होता.

ओटिसचंच आणखी एक गाणं घ्या, 1965 चं 'रिस्पेक्ट'. आधी त्याने गायलेलं ऐका. मग 1967 चं अरिथा फ्रँकलिनचं. अरिथा पियानो स्वतः वाजवते आणि मागे तिच्या बहिणी गातायत. गाण्याच्या नावाची एकेक इंग्रजी अक्षरं पुकारत जाणारी ती प्रसिद्ध जागा ओटिसच्या गाण्यात नाहीच, ती अरिथाची भर. पण पहिल्यांदा फक्त बहिणींचा कोरस ऐका. ओटिसच्या गाण्यात घरी परतणारा पुरुष मागणी करतोय. इथे बाई मागतेय आणि तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या बायका दर ओळीला दुजोरा देतायत. तो कोरस काढून टाकला तर हे गाणं इतकं मोठं झालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

वाजवणाऱ्यांसाठी एक काम देते. विल्सन पिकेटचं 1965 चं 'इन द मिडनाइट अवर' लावा, स्टॅक्सच्याच स्टुडिओतलं. ते मुद्रित होत असताना निर्माता जेरी वेक्सलर नाचून दाखवायला लागला की हल्लीची मुलं नाचताना वजन दुसऱ्या मात्रेवर टाकतात. अल जॅक्सन आणि क्रॉपरने ते उचललं आणि दोन व चारचा ठोका केसभर उशिरा मारला. लय तसूभर ढळत नाही, तरी ठोका मागे रेलतो. आपल्यासमोर फक्त डग्गा घ्या, गाण्याबरोबर दोन आणि चारवर 'घे' वाजवा आणि अल जॅक्सनच्या ठोक्यावर तंतोतंत बसवायचा प्रयत्न करा. लवकर पडला तर मनगट सैल सोडा, खांद्याने वाजवू नका. बसायला लागला की गाणं बंद करा आणि तेच वजन चार आवर्तनं एकट्याने धरून ठेवा, मग गाणं परत लावून ताडून बघा.